लग्नाला पन्नास हजार दिले, तरी काका गेले

पश्चिम विदर्भातल्या एका गावात डाळ मिल चालवणाऱ्या वाचकाचं हे पत्र. नाव-गाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

वय ४६. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल घेऊन २०१२ मध्ये घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काम सुरू केलं, तेव्हा सहा माणसं होती. आज दिवसाला २० टनांची मिल आहे. ३८ माणसं बारमाही, आणि तुरीच्या हंगामात निवडायला, बारदाना शिवायला २५-३० बाया. तालुक्याच्या एमआयडीसीत दुसरं युनिट टाकायचं चाललं आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून मॅनेजर आणला. त्याने हजेरीसाठी अंगठ्याची मशीन बसवली, आठवड्याची मजुरी बंद करून महिन्याचा पगार बँकेत टाकायला सुरुवात केली, चुकीला दंड लावला. अंगठ्यातून सूट फक्त स्टोअर पाहणाऱ्या भाच्याला, कारण 'त्याला अकोल्याला जावं लागते'. गेल्या हंगामात रायपूरला गेलेला अख्खा ट्रक डाळीत खडे निघाले म्हणून परत आला. चाळणी चार दिवसांपासून फाटलेली होती आणि तिघांना ते माहीत होतं, पण कोणी बोललं नाही. महिन्याभराने ११ वर्षांपासूनचे मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, काम सोडून शेजारच्या मिलमध्ये गेले. 'त्यांच्या मुलीच्या लग्नाला पन्नास हजार दिले, कधी परत मागितले नाही. घरच्यासारखं वागवलं. सगळे एका पंगतीत डबा खात होतो.' आता पुण्याला एमबीए करणारा मुलगा म्हणतो, कंपनीची मूल्यं लिहून बोर्ड लावा. घरच्या म्हणतात, तान्ह्या पोळ्याला सगळ्यांना जेवण द्या. धाकटा भाऊ म्हणतो, मॅनेजरला काढा. 'आधीचं वातावरण परत कसं आणू? की धंदा वाढला की हे होणारच?'

भाऊ,

तुमच्या पत्रात काकांबद्दल दीड पान आहे आणि ट्रकबद्दल चार ओळी. मला त्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या वाटल्या, म्हणून तिथूनच सुरू करते.

२०१२ मध्ये चाळणी फाटली असती तर तुम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं. तेव्हाची माणसं जास्त इमानदार होती म्हणून नव्हे. तुम्ही स्वतः चाळणीपासून चार पावलांवर उभे होता म्हणून. कोणाची बायको दवाखान्यात आहे, कोणाच्या वावरात डुकरं शिरली, कोणत्या पट्ट्यातून आवाज येतो, हे सगळं तुमच्या कानावर आपोआप पडत होतं. उचल लागली तर तुमच्या खिशातून निघत होती. भांडण झालं तर तुम्ही चहाच्या टपरीवर नेऊन मिटवत होता. ज्याला तुम्ही 'आधीचं वातावरण' म्हणता, ते बहुतेक तुमच्या कानात, खिशात आणि पायात होतं. सहा माणसांना ते पुरलं. साठ माणसांना एका माणसाचे कान पुरत नाहीत, आणि तुम्ही तर आता निम्मे दिवस अकोला-खामगावच्या बाजारात असता.

तेव्हा 'वातावरण बिघडलं' हे निदान मला पटत नाही. जे तुमच्या अंगावर उभं होतं ते तुम्ही बाजूला होताच बसलं, एवढंच झालं. मॅनेजर आला नसता तरी ते बसलं असतं, थोडं उशिरा.

आता ते तिघं गप्प का राहिले? त्यांच्यातल्या एकाला मिलबाहेर, पानठेल्यावर गाठून विचारा. उत्तर साधारण असं येईल : 'सांगतलं असतं त माहाच पगार कापला असता.' चाळणी फाटल्याचं जो सांगेल त्याला पहिला प्रश्न येतो, 'ड्युटीवर कोण होतं?' दंड आहे हे सगळ्यांना माहीत. मग गप्प राहणं हा त्या माणसाचा अगदी बरोबर हिशेब आहे. त्याला कामचुकार म्हणून उपयोग नाही, कारण हिशेबाची पद्धत त्याने नाही ठरवली. तुमच्या सहीने ठरली.

हा दंड कायद्यातही नीट बसत नसणार, ते तपासून घ्या. दंडाची कपात महिन्याच्या मजुरीच्या ३ टक्क्यांच्या वर करता येत नाही, कापण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते पैसे मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्याच उपयोगी पडावे लागतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. तासभर मिल बंद ठेवून जाळी बदलली तर फक्त त्या तासाची डाळ मागे पडते. ट्रक परत आला तर जाण्या-येण्याचं भाडं, डाळ पुन्हा चाळायची मजुरी, आणि पुढच्या सौद्यात रायपूरचा व्यापारी भाव पाडून मागेल ते वेगळंच. म्हणून माझी पहिली सूचना हीच, आणि ती या आठवड्यातली : दंड बंद. बिघाड जो आधी सांगेल त्याला काही होणार नाही, अगदी बिघाड त्याच्याच हातून झालेला असला तरी. आणि मशीन थांबवायचा अधिकार चाळणीवरच्या माणसाला द्या, सुपरवायझरला विचारायची गरज न ठेवता. पहिल्यांदा कोणी खरंच मशीन थांबवेल तेव्हा सगळ्यांचं लक्ष तुमच्या तोंडाकडे असेल. विनाकारण थांबवली असेल तरी त्या दिवशी कपाळाला आठी नको. त्या एका आठीने महिन्याभराचं सांगणं वाया जाईल.

बोलण्यासाठी एक जागाही लागते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला म्हणून ते गाजलं, पण मला त्या गावाची दुसरी एक पद्धत जास्त शिकण्यासारखी वाटते. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो, आणि त्याशिवाय वेगळा अभ्यासगट असतो, जिथे निर्णय घ्यायचा नसतो, नुसतं बोलायचं, समजून घ्यायचं. तुमची मिल ग्रामसभा नाही, भाऊ. मालक तुम्ही, कर्ज तुमच्या नावावर, शेवटचा शब्द तुमचाच राहणार, आणि तसं नाही असं सोंगही आणू नका, लोकांना ते लगेच कळतं. पण बोलायची बैठक आणि ठरवायची बैठक वेगळी ठेवणं तुम्हालाही जमेल. आठवड्यातून एकदा अर्धा तास, पाळी बदलताना, मशीन बंद करून, मजुरी चालू ठेवून. विचारायचं एवढंच : या आठवड्यात काय अडलं? त्या बैठकीत मॅनेजरने उत्तरं द्यायची नाहीत, लिहून घ्यायचं. पुढच्या आठवड्यात आधी सांगायचं की मागच्या वेळचं काय झालं, काय होणार नाही, आणि का होणार नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणी बोलणार नाही. नंतर कोणी तरी पिण्याच्या पाण्याचा विषय काढेल. तो विषय किरकोळ समजू नका, त्याच्यावर लोक तुम्हाला पारखतील.

आता काका.

तुम्ही लिहिता, पन्नास हजार दिले तरी गेले. वाचून वाईट वाटलं, तुमचं दुखणंही कळलं. पण मला एक विचारायचं आहे : काकांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, दिली का? पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाने स्वतःहून राजीनामा दिला तरी ती त्याला मिळते, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ती द्यावी लागते. हिशेब सोपा आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा काकांचा पगार १५,६०० होता. दिवसाचे झाले ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, अकरा वर्षांचे ९९,०००. तीस दिवसांच्या आत द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासह. लग्नाचे पन्नास हजार त्यातून वळते करायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. ते तुम्ही प्रेमाने दिले होते.

आणि इथेच मला तुमच्या 'घरच्यासारखं'ची थोडी चिकित्सा करावीशी वाटते. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारा गडी, ठेवायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. पाडव्याला साल ठरायचं, धान्य, कपडे, थोडी उचल, अडीअडचणीला मालक उभा. त्यात माया होती, नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या माहेरच्या घरातही ते पाहिलं आहे. पण ती माया मालकाच्या मर्जीवर होती. सालदाराला मागता येत नव्हतं, मिळालं तर हात जोडायचे. तुमची मिल वाढली, शेड गेली, दाणे रंगावरून निवडणारी सॉर्टेक्स मशीन आली, पण देण्याघेण्याची रीत सालाचीच राहिली. काकांना लग्नाला पन्नास हजार मिळाले. चाळणीवरच्या पोराला बापाच्या ऑपरेशनला किती मिळाले? कोणी ठरवलं? सहा माणसांत हा प्रश्न उठत नाही, कारण सगळ्यांना सगळं दिसतं. चाळीस माणसांत प्रत्येक उदारपणाकडे पाहून बाकीचे पंधरा जण विचारतात, याला दिलं, मला का नाही.

तुमचं देणं कमी करू नका. ते उघड करा. उचल किती मिळेल, किती महिन्यांत फिटेल, कोणाकडे मागायची, दवाखान्याला वेगळी काय सोय, हे एका कागदावर, मराठीत, हजेरीच्या जागी लावा. मग मागणाऱ्याला तुमच्या दाराशी ताटकळावं लागणार नाही, आणि तुम्ही बाजाराला गेलात म्हणून कोणाचा दवाखाना थांबणार नाही. प्रॉव्हिडंट फंडही पाहा. वीस किंवा जास्त माणसं झाली की तो लागू होतो, आणि तुम्ही ती वेस केव्हाच ओलांडली आहे. 'पोरांनाच नको, हातात कमी येते म्हणतात' हे मी अनेक मालकांकडून ऐकलं आहे. पोरं म्हणतातही तसं. तरी भरावाच लागतो. कामगार कायद्यांचा एखादा चांगला सल्लागार गाठून मागचा सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडा. जीएसटीला सीए लागतो तसा याला हा लागतो.

पगाराच्या तारखेचं मॅनेजरला सांगा. पैसे १०-१२ तारखेला जमा होतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. कायद्याने ते ७ तारखेच्या आत यायला हवेत. आणि त्याहून महत्त्वाचं, तुमच्या गावचा बाजार आठवड्याचा आहे. तेल, मीठ, भाजी, पोरांची वही, सगळं बाजाराच्या दिवशी. ज्याच्या हातात आठवड्याला पैसा यायचा त्याला तुम्ही एका झटक्यात महिन्याचं गणित शिकायला सांगितलं. नागपूरच्या माणसाला यात काय अडलं ते कळणार नाही, पण तुम्हाला कळायला हवं होतं. बँकेत टाकणं चांगलंच आहे, त्याने हिशेब राहतो. पण थोडी रक्कम दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी टाका आणि बाकीची महिन्याला. सॉफ्टवेअरला हे जमतं. मॅनेजर नाही म्हणाला तर दुसरं सॉफ्टवेअर शोधा.

पंगतीबद्दलही बोलायलाच हवं. 'सगळे एका पंगतीत' असं तुम्ही लिहिलंत, आणि पुढच्याच पानावर आहे की बाया पडवीत डबा खायच्या. मग सगळे म्हणजे कोण? गाव आपलं आहे, मी उगाच आडवळणाने विचारत नाही : पाण्याच्या माठावर ग्लास एकच आहे ना? वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी उघडलं. त्याला शंभर वर्षं होत आली, आणि अजूनही एखाद्या कारखान्यात स्टीलचा ग्लास आणि प्लास्टिकचा ग्लास शेजारी दिसतात, कोणी काही बोलत नाही. तुमच्याकडे असं नसेल तर उत्तमच. पण नाही असं गृहीत धरू नका, एक दिवस जेवणाच्या सुट्टीत न सांगता जाऊन बसा, कोण कोणाच्या शेजारी बसतं ते पाहा. ज्याला पंगतीत जागा नव्हती, त्याला जुन्या दिवसांची ओढ नसणार. तुम्ही जे परत आणू म्हणता ते त्याला परत नको असेल.

हंगामाच्या बायांना संडास आहे का, त्याला कडी आहे का, पुरुषांइतक्याच कामाला पुरुषांइतकी रोजी आहे का, हेही पाहा. आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, २०१३ चा कायदा आहे. प्रमुख बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, या कामातली माहितगार. हंगामापुरत्या येणाऱ्या बायाही त्यात येतात. समितीतल्यांची नावं भिंतीवर लावा. 'आमच्याकडे तसं काही होत नाही' असं सांगणाऱ्या बऱ्याच मालकांना फक्त तसं काही ऐकू येत नसतं.

मॅनेजरला काढायचं का? माझं मत, आत्ता नाही. जे तुम्ही करायला सांगितलं तेच त्याने केलं : हजेरी लावली, हिशेब लावला, गळती थांबवली. चुनीची (डाळीच्या चुऱ्याची) पोती गायब होणं थांबलं हे तुम्हीच लिहिलं आहे. त्याला काढलं तर उरलेल्यांना एवढंच कळेल की मालकाला वाईटपणा घ्यायला एक माणूस लागतो आणि काम झालं की तो बदलतात. त्याच्या जागी जो येईल तो पहिल्या दिवसापासून जपून राहील. त्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचं गणित बदला. दर महिन्याला त्याला विचारा, किती बिघाड आधी कळले, जुनी किती माणसं टिकली, हंगामाच्या किती बाया परत आल्या. आणि जुन्या माणसांचं ज्ञान त्याच्या हातात कसं येईल ते पाहा. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल किती ते सांगणारे तुमच्याकडे आहेत, त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे. नव्या पोरांना शिकवायला दोघांना एकत्र उभं करा. शिकवण्याचे जुन्या माणसाला वेगळे पैसे द्या, नुसता मान देऊन भागवू नका.

भाच्याला मात्र उद्याच अंगठा लावायला सांगा. तो अकोल्याला जातो तर जाणं नोंदवायची सोय मशीनमध्ये असते. तुमच्या मिलमधला एकही माणूस तुमचे नियम वाचत नाही, सगळे भाच्याला वाचतात. तो रागावेल, ताईंचा फोन येईल, सणाला थोडी तंगातंगी होईल. ते सहन करा. हे जमत नसेल तर अंगठ्याची मशीन काढून टाका, पण एकाला सूट ठेवून बाकीच्यांकडून शिस्त मागू नका.

घरच्यांच्या सूचनांबद्दल थोडक्यात. तान्ह्या पोळ्याचं जेवण जरूर द्या, पोरांच्या लाकडी नंद्यांना बक्षीसं द्या, मजा येईल. फक्त त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकतो, पण जू टोचत असेल तर ते सुताराकडेच न्यावं लागतं. मुलाचा बोर्ड सध्या राहू द्या. पोराची तळमळ खरी आहे, तिला दुसरं काम द्या : सुट्टीत घरी आला की त्याला पंधरा दिवस चाळणीवर आणि हमालांबरोबर पाठवा, मालकाचा पोरगा म्हणून नाही, बारा तासांच्या थकव्यासकट नाही तरी निदान आठ तासांच्या. मग तो जे लिहील ते भिंतीवर लावायला माझी हरकत नाही.

एमआयडीसीच्या युनिटची तुम्हाला घाई आहे, कारण अनुदानाची मुदत आहे असं दिसतं. तो निर्णय पैशाचा आहे, मी त्यात पडत नाही. एवढं सांगेन की तिथे पहिल्या दिवसापासून कोण असेल हे शेडच्या आधी ठरवा. इथल्या दोन-तीन जुन्या माणसांना विचारा, हुकूम नको, विचारा, आणि जायला तयार असतील तर जाण्या-येण्याची सोय आणि वाढीव पगार लेखी द्या. नव्या जागी सगळी माणसं नवी घेतली तर तिथल्या सवयी त्यांच्या आधीच्या मालकांनी लावलेल्या असतील.

आणि काकांकडे जायचंच आहे म्हणता तर चेक घेऊन जा, हिशेबाचा कागद सोबत ठेवा. उशीर झाल्याचं सांगा, लग्नाचा विषय काढू नका, परत या म्हणू नका. चहा झाल्यावर फक्त विचारा की कोणत्या दिवशी ठरवलं जायचं. त्या आठवड्यात मिलमध्ये काय झालं होतं ते घरी येऊन रजिस्टरमध्ये पाहा.